ट्रुमनसमोर पाय मागे घेणारे सोलापूरचे पॉली उम्रीगर भारताचे सगळ्यात मोठे बॅट्समन कसे झाले?

जुलै १९५२. मँचेस्टरचं ओल्ड ट्रॅफर्ड मैदान.

भारताची टीम त्या टेस्टमध्ये एकाच दिवसात दोनदा ऑलआऊट झाली. पहिल्या डावात ५८ रन, दुसऱ्या डावात ८२. फ्रेड ट्रुमन नावाचा एकवीस वर्षांचा पोरगा लांबून धावत यायचा आणि बघता बघता स्टंप उडवून जायचा. पहिल्या डावात त्याने ३१ रन देऊन ८ विकेट घेतल्या.

या पडझडीत लोकांच्या नजरेत भरला तो एक उंचापुरा, रुंद खांद्यांचा बॅट्समन. टीममध्ये सगळ्यात ताकदवान दिसणारा हाच माणूस. पण ट्रुमनचा हात वर गेला की याचा पाय लेग साइडला, स्क्वेअर लेगच्या अंपायरच्या दिशेने सरकायचा. इतका, की लेग साइडला उभ्या असलेल्या एका इंग्लिश फिल्डरने, मला बॉलर दिसत नाही, जरा बाजूला होता का, असं त्याला विचारल्याचा किस्सा आजही क्रिकेटच्या गप्पांमध्ये निघतो. किस्सा तिखटमीठ लावलेला असेल, पण स्कोअरकार्ड खोटं बोलत नाही. मँचेस्टरला त्याने दोन डावांत ४ आणि ३ रन केले.

हा बॅट्समन म्हणजे पॉली उम्रीगर. सोलापूरचे.

पुढे दहा वर्षांनी हाच माणूस रिटायर झाला तेव्हा भारताकडून सगळ्यात जास्त टेस्ट, सगळ्यात जास्त रन आणि सगळ्यात जास्त शतकं अशी तिन्ही रेकॉर्ड त्यांच्या नावावर होती. मधल्या दहा वर्षांत काय झालं, ते समजून घेण्यासारखं आहे. कारण त्यात बॅट फिरवण्याचं एक शास्त्र आहे, जे आज बेसबॉलवाले लाखो डॉलर खर्चून शिकवतात.

तर सुरुवात सोलापुरातून.

पहलान रतनजी उम्रीगर यांचा जन्म २८ मार्च १९२६ चा, सोलापूरचा. पारशी कुटुंब, वडिलांचा कापडाचा धंदा. त्या काळचं सोलापूर म्हणजे कापड गिरण्यांचं गाव. भोंगा वाजला की शहर जागं व्हायचं, आणि कापडाच्या जिवावर पोट भरणारी सगळ्या जातीधर्मांची माणसं तिथे होती. त्यातलंच हे एक घर. पॉली शाळेत असतानाच कुटुंबाने सोलापूर सोडलं आणि मुंबई गाठली. क्रिकेट घडलं ते मुंबईच्या मैदानांवर, पण नावापुढे जन्मगाव म्हणून सोलापूर कायमचं लागलं. आजही सोलापूरने क्रिकेटला काय दिलं असं कुणी विचारलं, तर पहिलं नाव हेच घेतलं जातं.

मुंबईत तेव्हा पंचरंगी सामन्यांचा जमाना होता. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि उरलेले, अशा पाच टीम. १९४४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी उम्रीगर पारशांच्या टीमकडून फर्स्ट क्लास क्रिकेट खेळले. सेंट झेवियर्स कॉलेजात शिकले, मुंबई विद्यापीठाच्या टीमचे कॅप्टन झाले. क्रिकेटबरोबर हॉकी आणि फुटबॉलही खेळायचे.

१९४८ मध्ये वेस्ट इंडिजची टीम भारतात आली. विद्यापीठांच्या संयुक्त टीमकडून खेळताना उम्रीगर यांनी पाहुण्यांविरुद्ध नाबाद ११५ ठोकले. लगेच मुंबईच्या टेस्टमध्ये त्यांना घेतलं. वय बावीस.

उम्रीगर तेव्हाच्या भारतीय बॅट्समनपेक्षा दिसायलाच वेगळे होते. उंची सहा फुटांच्या वर, लांब हात आणि मोकळेपणाने बॉल उचलून मारायची हौस. तेव्हा सिक्स मारणं जरा असभ्य समजलं जायचं. बॉल जमिनीलगत ठेवणं हे चांगल्या संस्काराचं लक्षण होतं. उम्रीगर मात्र स्पिनर आला की पुढे जाऊन सरळ डोक्यावरून मारायचे. उंचीमुळे आणि या फटक्यांमुळे त्यांना पाम ट्री हिटर असं नाव पडलं. नारळाच्या झाडासारखा माणूस आणि तितकाच उंच जाणारा बॉल.

पण मोठं नाव व्हायला १९५२ चा फेब्रुवारी उजाडावा लागला, आणि तोही नशिबाने.

इंग्लंडची टीम भारतात होती आणि शेवटची टेस्ट मद्रासला. मालिकेत उम्रीगर यांचे रन होत नव्हते, त्यामुळे त्यांना टीमबाहेर काढलं होतं. पण ऐनवेळी हेमू अधिकारी जखमी झाले आणि उम्रीगर परत आत आले. मॅचच्या पहिल्याच दिवशी इंग्लंडचा राजा सहावा जॉर्ज वारला, त्यामुळे सुट्टीचा दिवस अलीकडे घ्यावा लागला. मग खेळ सुरू झाला आणि सातव्या नंबरवर आलेल्या उम्रीगर यांनी नाबाद १३० केले. पंकज रॉय यांचं शतक, विनू मांकड यांच्या मॅचमध्ये १२ विकेट, आणि भारताने एक डाव आणि ८ रनने मॅच जिंकली. १९३२ पासून टेस्ट खेळणाऱ्या भारताचा हा पहिला विजय.

चार महिन्यांनी हीच मंडळी विजय हजारे यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेली. उम्रीगर यांच्याकडून मोठ्या अपेक्षा होत्या. आणि तिथे ट्रुमन भेटला.

पहिली टेस्ट लीड्सला. दुसऱ्या डावात भारताच्या शून्य रनवर चार विकेट पडल्या. स्कोअरबोर्डचा तो फोटो आजही सोशल मीडियावर अधूनमधून फिरतो. उम्रीगर यांचे त्या मॅचमधले रन ८ आणि ९. लॉर्ड्सला ५ आणि १४. मँचेस्टरला ४ आणि ३. ओव्हलला शून्य. सात डावांत मिळून ४३ रन. ट्रुमनने मालिकेत २९ विकेट घेतल्या.

आता गंमत बघा. त्याच दौऱ्यात, त्याच महिन्यांत, इंग्लंडच्या काउंटी आणि विद्यापीठ टीमविरुद्ध उम्रीगर यांनी धो धो रन काढले. दौऱ्यात एकूण सोळाशेहून जास्त रन, त्यात तीन द्विशतकं. म्हणजे इंग्लंडची थंडी, ओली पिच, हलणारा बॉल, हे सगळं त्यांना जमत होतं. हात चालत होते, डोळे चालत होते, ताकद तर होतीच. फक्त एक बॉलर समोर आला की सगळं बंद पडायचं.

असं का होतं?

इथे जरा थांबून बॅट स्पीड म्हणजे काय ते बघावं लागेल.

ताशी १४५ किलोमीटर वेगाचा बॉल हातातून सुटल्यापासून बॅट्समनपर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आत पोहोचतो. या वेळात त्याला बॉल ओळखायचा असतो, ठरवायचं असतं आणि बॅट फिरवायची असते. बॅट फिरवायला जितका कमी वेळ लागेल, तितका बघायला जास्त वेळ उरतो. म्हणजे बॅटचा वेग फक्त सिक्स लांब जाण्यासाठी नसतो, तो बॅट्समनला वेळ विकत घेऊन देतो. जो उशिरा ठरवू शकतो, त्याला बॉलर सहज फसवू शकत नाही.

या गोष्टीचा सगळ्यात खोल अभ्यास बेसबॉलमध्ये झाला. कारण तिथे बॉल टप्पा न पडता थेट अंगावर येतो आणि मारणं हेच काम असतं. अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये आता प्रत्येक खेळाडूच्या बॅटचा वेग कॅमेऱ्याने मोजला जातो आणि २०२४ पासून तो लोकांसाठी जाहीरही होतो. तिथला सरासरी वेग ताशी साधारण ११५ किलोमीटर भरतो. आणि हा वेग वाढवण्याचे व्यायाम ठरलेले आहेत.

त्यातला सगळ्यात प्रसिद्ध व्यायाम वजन बदलण्याचा. नेहमीच्या बॅटपेक्षा दहा-वीस टक्के जड बॅट काही वेळा फिरवायची, मग तितकीच हलकी बॅट फिरवायची, मग नेहमीची. जड बॅट ताकद मागते, हलकी बॅट शरीराला जास्त वेगाची सवय लावते. आपल्याकडे तालमीत मुद्गल फिरवणाऱ्यांना यातलं अर्धं तत्त्व न सांगताही कळेल. खांद्याभोवती वजन फिरवून सांधे मोकळे आणि मजबूत करायचे, हे आपल्या आखाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. फरक इतकाच की बेसबॉलवाल्यांना वजन फार वाढवायचं नसतं. बॅट खूप जड झाली की फिरवण्याची पद्धतच बदलते आणि चुकीची सवय लागते.

त्यांच्याकडे अजून एक प्रकार आहे. बॅटवर लोखंडी कडं चढवायचं, खेळायला जाण्याआधी चार-पाच वेळा फिरवायचं आणि मग ते काढून मैदानात जायचं. बॅट एकदम पिसासारखी हलकी वाटते. पण मोजमाप केल्यावर कळलं की वेग वाढत नाही, उलट किंचित कमीच होतो. हलकं वाटणं हा नुसता भास. तरी अनेक खेळाडू आजही ते कडं फिरवतात. सवय जात नाही, दुसरं काय.

दुसरा महत्त्वाचा व्यायाम जड चेंडू फेकण्याचा. दोन-तीन किलोचा मेडिसिन बॉल दोन्ही हातांत धरून भिंतीला आडवं उभं राहायचं आणि कंबर फिरवून तो जोरात भिंतीवर आदळायचा. यातून शिकायचा तो क्रम. आधी पुढचा पाय जमिनीत रोवला जातो, मग कंबर फिरते, मग छाती, मग खांदे, मग हात, शेवटी मनगट आणि सगळ्यात शेवटी बॅट. चाबकासारखं. चाबकाच्या मुठीचा वेग थोडा असतो, टोकाचा प्रचंड. पण मूठ घट्ट नसेल तर टोक फडफडत नाही. बॅटिंगमध्ये ही मूठ म्हणजे जमिनीवर रोवलेला पाय.

म्हणजे बॅटचा वेग दंडात नसतो, तो पायातून वर येतो. आणि नेमका तिथेच उम्रीगर यांचा घोटाळा होत होता.

पाय लेग साइडला पळाला की काय काय बिघडतं बघा. अंगाचा भार मागे जातो. कंबर बॉल यायच्या आधीच उघडून जाते, त्यामुळे तिची फिरकी वापरायला शिल्लकच राहत नाही. उरतात फक्त हात. ऑफ स्टंपवरचा बॉल अचानक लांब वाटायला लागतो आणि बॅट सरळ न येता आडवी येते. मधे मोठं भगदाड पडतं आणि स्टंप मोकळे राहतात. सहा फुटांच्या माणसाची सगळी ताकद अशा वेळी शून्याच्या भावाने जाते. काउंटीच्या मध्यमगती बॉलरपुढे पाय हलत नव्हता, म्हणून तिथे द्विशतकं होत होती. माणूस तोच, बॅट तीच, फक्त पाय जागेवर होता.

बेसबॉलमध्ये या चुकीला स्वतंत्र नावच आहे. तिथे म्हणतात की बॅट्समनने बादलीत पाय टाकला. त्यावर कोच जो उपाय करतात तो अगदी साधा आहे. खेळाडूच्या टाचांमागे एक फळी किंवा बॅट आडवी ठेवतात. पाय मागे गेला की फळीला आपटतो. मग हळू बॉल, मग थोडे जलद, मग जवळून फेकलेले. अंगाला खात्री पटेपर्यंत.

क्रिकेटमध्ये हा उपाय त्याहून जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी केंब्रिजला शिकणारे रणजितसिंह फास्ट बॉलिंगला मागे सरकायचे, तेव्हा सरावात त्यांचा उजवा पाय जमिनीला बांधून ठेवला जायचा असं सांगतात. पाय हलेना, तेव्हा त्यांनी मनगट वळवून बॉल लेग साइडला सरकवायला सुरुवात केली आणि क्रिकेटला लेग ग्लान्स मिळाला. भल्याभल्यांचा पाय सरकतो, एवढाच याचा अर्थ.

शिवाय १९५२ च्या भारतीय बॅट्समनला सराव तरी कुठे होता? मोहम्मद निसार फाळणीनंतर पाकिस्तानात गेले होते, अमर सिंग १९४० मध्येच वारले होते. देशात खरा वेगवान बॉलर उरला नव्हता. पिच संथ. हेल्मेट हा प्रकार यायला अजून पंचवीस वर्षं होती. बॉलिंग मशीन नाही, आजच्यासारखे साइडआर्मने दीडशेच्या वेगाने बॉल फेकणारे मदतनीस नाहीत. थेट बोटीतून उतरायचं आणि ट्रुमनसमोर उभं राहायचं. नुसतं भित्रा म्हणून मोकळं होणं हा त्या पिढीवर अन्याय आहे.

पण लोक म्हणत होते. आणि उम्रीगर यांना त्याचं उत्तर बॅटनेच द्यायचं होतं.

इंग्लंडहून परतल्यावर काही महिन्यांतच पाकिस्तानची टीम पहिल्यांदा भारतात आली. मुंबईच्या टेस्टमध्ये उम्रीगर यांनी १०२ केले. मग १९५३ च्या सुरुवातीला वेस्ट इंडिजचा दौरा. पोर्ट ऑफ स्पेनला पहिल्या टेस्टमध्ये १३० आणि ६९, त्यातलं शतक पूर्ण केलं ते सनी रामाधीनला सिक्स मारून. किंग्स्टनला ११७. पाच टेस्टमध्ये ५६० रन. नारळाच्या झाडांच्या देशात पाम ट्री हिटर गाजला.

तरी टीकाकारांचं तोंड बंद झालं नाही. तिथे मुख्य मारा रामाधीन आणि व्हॅलेंटाइन या स्पिनरांचा होता, तिथे ट्रुमन कुठे होता, असा त्यांचा सवाल. सवाल चुकीचा नव्हता.

नोव्हेंबर १९५५ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध हैदराबादला उम्रीगर यांनी २२३ रन केले. टेस्टमध्ये भारतीयाने केलेलं हे पहिलं द्विशतक. पुढच्याच टेस्टमध्ये विनू मांकड यांनीही बरोबर २२३ केले आणि मालिका संपता संपता २३१ करून रेकॉर्ड आपल्याकडे घेतलं. त्या वेळी कॅप्टन होते खुद्द उम्रीगर. हैदराबादनंतर टीमचं नेतृत्व त्यांच्याकडे आलं होतं आणि त्यांनी ती मालिका २-० ने जिंकून दिली.

कॅप्टन म्हणून त्यांना एकूण आठच टेस्ट मिळाल्या. दोन जिंकल्या, दोन हरल्या, चार ड्रॉ. १९५८-५९ मध्ये वेस्ट इंडिजची टीम वेस हॉल आणि रॉय गिलख्रिस्ट हे दोन आग ओकणारे बॉलर घेऊन भारतात आली, तेव्हा भारतीय क्रिकेटमध्ये नुसता गोंधळ चालला होता. पाच टेस्टला चार कॅप्टन झाले. मद्रासच्या टेस्टच्या आदल्या रात्री टीममध्ये कुणाला घ्यायचं यावरून उम्रीगर यांचा क्रिकेट मंडळाच्या अध्यक्षांशी खटका उडाला आणि त्यांनी सरळ कॅप्टनशिप सोडली. ट्रुमनपुढे मागे सरकणारा म्हणून ज्यांना हिणवलं, त्या माणसाने बोर्डापुढे मात्र पाऊल मागे घेतलं नाही. त्यानंतर ते पुन्हा कधीच भारताचे कॅप्टन झाले नाहीत.

१९५९ मध्ये पुन्हा इंग्लंड. पुन्हा ट्रुमन.

उम्रीगर आता तेहतीस वर्षांचे. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनी नाबाद २५२ केले, पण हे जुनंच चित्र होतं. छोट्या टीमविरुद्ध डोंगर आणि टेस्टमध्ये खड्डा. पहिल्या तीन टेस्टमध्ये एकही अर्धशतक नाही. लॉर्ड्सला १ आणि शून्य. लोकांना १९५२ आठवायला लागलं.

चौथी टेस्ट मँचेस्टरला. तेच ओल्ड ट्रॅफर्ड. पहिल्या डावात २. भारताला जिंकायला ५४८ रन हवे होते, म्हणजे मॅच गेल्यातच जमा होती. दुसऱ्या डावात पहिलीच टेस्ट खेळणाऱ्या अब्बास अली बेगने ११२ केले, आणि उम्रीगर यांनी ११८. समोर ट्रुमन होता. भारत १७१ रनने हरला, पण सात वर्षांपूर्वी ज्या मैदानावर दोन डावांत मिळून ७ रन झाले होते, तिथे आता स्कोअरबोर्डवर शतक लागलं होतं.

यानंतरचा उम्रीगर काही वेगळाच होता. १९६०-६१ मध्ये पाकिस्तानविरुद्ध एकाच मालिकेत तीन शतकं. १९६१ च्या डिसेंबरमध्ये इंग्लंडविरुद्ध कानपूरला नाबाद १४७. ती मालिका भारताने २-० ने जिंकली, इंग्लंडविरुद्धचा भारताचा पहिला मालिका विजय.

आणि मग आलं १९६२, वेस्ट इंडिज.

या दौऱ्यावर भारताची पाचही टेस्टमध्ये हार झाली. पण त्याहून भयंकर गोष्ट मार्चमध्ये बार्बाडोसला घडली. बार्बाडोसविरुद्धच्या मॅचमध्ये चार्ली ग्रिफिथचा बॉल कॅप्टन नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला लागला. कवटीला फ्रॅक्चर झालं, शस्त्रक्रिया करावी लागली, जीव जातो की राहतो अशी अवस्था. रक्त हवं होतं. ते देणाऱ्यांमध्ये वेस्ट इंडिजचे कॅप्टन फ्रँक वॉरेल होते, चंदू बोर्डे होते, बापू नाडकर्णी होते आणि पॉली उम्रीगर होते. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पण भारतासाठी पुन्हा कधी खेळू शकले नाहीत. टीमची सूत्रं एकवीस वर्षांच्या मन्सूर अली खान पतौडींकडे आली.

आता विचार करा. आपल्या कॅप्टनचं डोकं फुटलेलं सगळ्यांनी पाहिलंय. हेल्मेट नाही. तीन आठवड्यांच्या आत त्याच देशाच्या बॉलरसमोर पुन्हा उभं राहायचंय. फास्ट बॉलिंगला घाबरायला यापेक्षा चांगलं कारण कुठलं असणार होतं?

एप्रिलमध्ये चौथी टेस्ट पोर्ट ऑफ स्पेनला. वेस्ट इंडिजने ९ बाद ४४४ वर डाव घोषित केला. छत्तीस वर्षांच्या उम्रीगर यांनी ऑफ ब्रेक टाकत १०७ रनमध्ये ५ विकेट घेतल्या. मग भारताची बॅटिंग. वेस हॉलने आल्या आल्या पाच जण उडवले, स्कोअर ५ बाद ३०. उम्रीगर यांनी ५६ केले आणि टीम १९७ पर्यंत पोहोचली. फॉलोऑन.

दुसऱ्या डावात सलीम दुराणी यांनी १०४ केले. आणि उम्रीगर? नाबाद १७२. तेही चार तासांच्या आसपास खेळून, म्हणजे त्या काळाच्या मानाने एक्स्प्रेस गाडीच. समोर हॉल होता, सोबर्स होता, गिब्ज होता. पाठीचं दुखणं सोबत होतं. भारताचा डाव ४२२ वर संपला तेव्हा एका टोकाला उम्रीगर उभेच होते. वेस्ट इंडिजने १७६ रनचं लक्ष्य तीन विकेट गमावून गाठलं, मॅच गेली. पण एकाच मॅचमध्ये ५६, नाबाद १७२ आणि पाच विकेट, असा पराक्रम पराभूत टीमकडून फार थोड्यांनी केलाय.

त्या मालिकेत ४४५ रन करून पाठदुखीमुळे उम्रीगर यांनी टेस्ट क्रिकेट सोडलं. ५९ टेस्ट, ३६३१ रन, सरासरी ४२.२२, १२ शतकं, ३५ विकेट. त्याच वर्षी पद्मश्री मिळाली. सगळ्यात जास्त रनचं त्यांचं रेकॉर्ड मोडायला सुनील गावसकर यांना १९७० च्या दशकाची अखेर गाठावी लागली.

खेळ सुटला, मैदान सुटलं नाही. सत्तरच्या दशकात ते भारतीय टीमचे मॅनेजर म्हणून परदेश दौऱ्यांवर गेले. १९७८ ते १९८२ निवड समितीचे अध्यक्ष होते. मुंबई क्रिकेट असोसिएशनचे सचिव झाले, भारतीय बोर्डाचे कार्यकारी सचिव झाले. वानखेडे स्टेडियमची पिच बनवायचं कामही त्यांनी सांभाळलं. कोचिंगवर पुस्तक लिहिलं. मुंबईतल्या तरुण खेळाडूंसाठी ते पॉलीकाका होते.

आज आयपीएलमधले बॅट्समन बेसबॉलवाल्यांसारखे जड-हलक्या बॅट फिरवतात, भिंतीवर मेडिसिन बॉल आदळतात, पुढचा पाय बाजूला काढून जागा करतात आणि बॉल स्टँडमध्ये पाठवतात. हो, पाय आजही बाजूला जातो. फरक हा की तो बॉलरच्या धाकाने जात नाही, आधीच ठरवून जातो, आणि फटका मारायच्या क्षणी जमिनीत रोवलेला असतो.

७ नोव्हेंबर २००६ रोजी मुंबईत कॅन्सरने पॉली उम्रीगर यांचं निधन झालं. ऐंशी वर्षांचे होते. बोर्डाने त्यांच्या नावाने वर्षातल्या सर्वोत्तम भारतीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटपटूसाठी पुरस्कार सुरू केला. २००६-०७ चा पहिला पुरस्कार सचिन तेंडुलकर यांना मिळाला. दरवर्षी तो जाहीर झाला की बातम्यांमध्ये विराट, बुमराह अशी नावं येतात, आणि त्यांच्या अलीकडे एक नाव न चुकता छापलं जातं, सोलापुरात जन्मलेल्या पॉली उम्रीगर यांचं.